पुढची गाडी, आणि तिच्या नंतरची

आमच्या घरची एक फेरी ठरलेली आहे. आई-बाबा पुण्याहून माझ्याकडे एडिसनला येतात, पाचेक महिने राहतात, आणि परत जाताना धाकट्या भावाकडे स्टुटगार्टला तीन आठवडे थांबून मग मुंबईला उतरतात. म्हणजे नेवार्क ते फ्रँकफर्ट विमान आणि फ्रँकफर्ट विमानतळावरून स्टुटगार्टची रेल्वेगाडी. अटलांटिक ओलांडायला पावणेआठ तास, गाडीला जेमतेम सव्वा तास. तरी सगळी धाकधूक असते ती या दोहोंच्या मधल्या वेळेची. विमान उशिरा आलं, बॅग आली नाही, फलाट सापडला नाही, की पुढचं सगळं ढासळतं.

ही जुळवणी मी इतक्यांदा केली आहे की आता मराठी मंडळातले लोकही फोन करून विचारतात. त्यांना ज्या क्रमाने सांगते, त्याच क्रमाने लिहिते. उदाहरण आमच्याच फेरीचं घेते. गाव आणि गाडी बदलली तरी क्रम बदलत नाही.

आधी पासपोर्ट काढून समोर ठेवा

तिकिटं बघण्याआधी हे. विमानतळावरच्या स्टेशनात गाडी पकडायची म्हणजे विमानतळाबाहेर पडायचं, आणि बाहेर पडायचं म्हणजे त्या देशात शिरायचं. भारतीय पासपोर्टवाल्याला त्यासाठी पुरता शेंगेन व्हिसा लागतो. अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलं तरी त्यावर जर्मनीत गाडीत बसता येत नाही. ‘फक्त दोन तास तर आहोत’ हे तिथे कोणी ऐकत नाही.

आई-बाबांच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज आपण जिथे राहतो त्या देशातून करायचा असतो. व्हिजिटर म्हणून अमेरिकेत आलेल्या माणसाने इथून अर्ज करायचा तर ‘तिकडून का नाही केला’ याचं सबळ कारण द्यावं लागतं. म्हणून काम भारतातूनच उरकायचं. पण अर्ज प्रवासाच्या फार तर ६ महिने आधी करता येतो. ते एप्रिलच्या मध्यावर निघणार आणि सप्टेंबरात जर्मनीत शिरणार असतील, तर अर्जाला मार्च आणि एप्रिलचे पहिले काही दिवस एवढीच फट मिळते. निकालाला साधारण १५ दिवस धरतात, गर्दीत जास्त. त्यामुळे मी फेरीची आखणी या फटीपासून सुरू करते, विमानाच्या भावापासून नाही. अर्जासोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो.

लंडनमार्गे जाऊन तिथून युरोस्टारने पॅरिस गाठायचं डोक्यात असेल तर व्हिसे दोन. ब्रिटनचा वेगळा, शेंगेन वेगळा. फ्रेंच पासपोर्ट तपासणी लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनातच होते, गाडीत चढण्याआधी. मला विचाराल तर दोन व्हिसांचा खर्च आणि चार खेटे वाचवून सरळ पॅरिसलाच उतरावं.

गाडी चुकली तर निस्तरायचं कोणी?

विमान आणि पुढचा तुकडा एकाच बुकिंगवर असेल, तर विमान उशिरा आल्यामुळे चुकलेलं कनेक्शन ही कंपनीची डोकेदुखी. पुढच्या गाडीत किंवा विमानात बसवून देणं तिच्यावर येतं. दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील, तर पहिल्या कंपनीला दुसरीचं सोयरसुतक नाही. तुमची गाडी निघून गेली, तिकीट वाया गेलं, बस्स. वेगळ्या तिकिटांत वाचलेल्या पैशांकडे बघताना जोखीम आपण अंगावर घेतली आहे हेही बघायचं.

जर्मनीत मधला एक रस्ता आहे. लुफ्थान्सा फ्रँकफर्टहून काही शहरांपर्यंतची रेल्वे आपल्या विमानाच्या तिकिटातच विकते. स्टुटगार्टचं मुख्य स्टेशन त्यात आहे. गाडीला विमानासारखा फ्लाइट नंबर मिळतो, आणि विमानाला उशीर झाला तर पुढच्या गाडीत जागा मिळते. आई-बाबांसाठी मी हेच घेते, थोडे पैसे जास्त पडले तरी. मात्र एक गोम लक्षात ठेवायची. हा गाडीचा तुकडा तिकिटाचा भाग आहे, त्यामुळे तो मनाने गाळता येत नाही. भाऊ मोटार घेऊन विमानतळावर येतोय म्हणून गाडीत बसलाच नाहीत, तर कंपनीच्या लेखी तुम्ही गैरहजर, आणि मुंबईचं परतीचं विमानसुद्धा रद्द होऊ शकतं. बेत बदलला तर आधी फोन करून तिकीट बदलून घ्या.

दुसरा प्रकार ‘रेल अँड फ्लाय’. हे विमानाच्या तिकिटासोबत मिळतं आणि एका ठरावीक गाडीला बांधलेलं नसतं. गाडी चुकली तर पुढच्या गाडीत बसायचं. ज्यांना स्टुटगार्टऐवजी एखाद्या लहान गावाला जायचंय, त्यांना हे बरं.

हे दोन्ही नसेल तर गाडीचं सुटं तिकीट. त्याकडे नंतर येते, आधी तारखेचं सांगते.

तारीख बोट ठेवून वाचा

ही चूक माझी स्वतःची, काही वर्षांपूर्वीची. १४ तारखेला संध्याकाळी सहाला नेवार्कहून विमान, म्हणून मी गाडीही १४ तारखेचीच काढली. स्वस्त मिळाली म्हणून खूशही झाले. गाडीत तिकीट तपासनीस आला, त्याने फोनवरचा कोड यंत्रासमोर धरला, यंत्र रागावल्यासारखं वाजलं. त्याने माझ्याच फोनवर तारखेखाली नख ठेवलं आणि एकच शब्द बोलला, ‘गेस्टर्न’. जर्मन येत नसूनही तो शब्द मला तेव्हाच कळला: काल. नवं तिकीट पूर्ण दराने घ्यावं लागलं.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून युरोपला जाणारी बहुतेक विमानं संध्याकाळी-रात्री निघून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचतात. सहाला निघालेलं विमान फ्रँकफर्टला पावणेआठच्या सुमारास टेकतं, पण ते उद्याचे पावणेआठ. विमानाच्या तिकिटावर पोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात +१ लिहिलेलं असतं. ते आधी शोधायचं, मग गाडी बघायची.

घड्याळाचा आणखी एक चकवा मार्चमध्ये असतो. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे न्यू जर्सी आणि जर्मनी यांच्यात सहाऐवजी पाचच तासांचं अंतर असतं. शरद ऋतूत ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत असंच. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात, त्या चुकत नाहीत. चुकतो तो मनातल्या मनात सहा तास मिळवणारा माणूस. युरोपातलं रेल्वेचं वेळापत्रकही डिसेंबरच्या मध्यावर बदलतं. नाताळच्या फेरीसाठी नोव्हेंबरची वेळ गृहीत धरू नका.

जमिनीवरचा वेळ मोजा

वेळापत्रकातली पोचायची वेळ म्हणजे आपण बाहेर पडायची वेळ नव्हे. मी कागदावर असं मांडते. विमान दाराशी लागायचं ७:४५. मागच्या रांगेतून उतरायला, आणि कधीकधी विमान दूर उभं केलं तर बसने यायला, २० ते ३० मिनिटं. पासपोर्टची रांग: नशिबावर, २० मिनिटं ते तासभर. बॅगा: पट्ट्यावर यायला अर्धा-पाऊण तास, यातला काही वेळ रांगेतच निघून जातो. कस्टम्सच्या हिरव्या दारातून बाहेर, दोन मिनिटं. मग टर्मिनल १ पासून लांब पल्ल्याच्या स्टेशनापर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटं, आई-बाबांच्या चालीने वीस. सगळं सुरळीत झालं तर साडेनऊ, रेंगाळलं तर सव्वादहा. म्हणून ठरावीक गाडीला बांधलेलं सुटं तिकीट असेल तर मी साडेदहाच्या आतली गाडी घेतच नाही.

पासपोर्टच्या रांगेत आता एक नवी गोष्ट आली आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांनी शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली. एकदा केलेली नोंद ३ वर्षं टिकते, त्यामुळे पहिल्या फेरीला वेळ जास्त लागतो. ज्यांची पहिलीच खेप आहे त्यांनी माझ्या हिशेबात अर्धा तास आणखी मिळवावा. जर्मनीतला राहण्याचा परवाना असलेल्यांना ही नोंद करावी लागत नाही, म्हणून ‘मला तर दहा मिनिटं लागली’ हे धाकट्याचं ऐकायचं नाही.

आणि ही रांग कुठे लागणार तेही बघा. विमान वाटेत आइसलँडला किंवा लिस्बनला थांबत असेल, तर शेंगेनमध्ये शिरणं तिथेच होतं आणि फ्रँकफर्टला मोकळं बाहेर पडता येतं. पण मग मधल्या विमानतळावरची वेळ तंग नको. विमानकंपनी नियमात बसेल तेवढ्या कमी वेळाचं कनेक्शन विकते. फ्रँकफर्टसाठी हा किमान वेळ ४५ मिनिटांचा धरतात. तेवढ्यात धावत सुटणारा पंचविशीतला पोरगा पोचेल. सत्तरीतल्या बाबांचे गुडघे कंपनीने हिशेबात धरलेले नसतात.

तिकीट एका गाडीचं, माहिती तिघींची

जर्मन रेल्वे घड्याळाच्या काट्यावर चालते, हा समज पुण्यात अजून घट्ट आहे. २०२४ मध्ये डॉइच बानच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर त्या ‘वेळेवर’च मोजतात. त्यामुळे एका गाडीवर जीव टांगून ठेवायचा नाही. फ्रँकफर्ट विमानतळावरून स्टुटगार्टला थेट इंटरसिटी एक्सप्रेस साधारण तासाभराने असतात. शिवाय मानहाइमला बदलून जाता येतं. मी चिठ्ठीवर तीन गाड्या लिहून देते: हवी ती, तिच्या नंतरची, आणि मानहाइमवाली. शेजारी गाडीचा नंबर आणि शेवटचं स्टेशन, कारण फलाटावरच्या पाटीवर शेवटचं स्टेशन ठळक असतं. म्युनिकला जाणारी गाडी ‘आपली नाही’ म्हणून बाबांनी एकदा डोळ्यांदेखत सोडली होती. ती स्टुटगार्टवरूनच जाते.

सुट्या तिकिटात दोन जाती. ‘श्पारप्राइस’ स्वस्त, पण त्याच गाडीला बांधलेलं. ‘फ्लेक्सप्राइस’ महाग, त्या दिवशी कुठल्याही गाडीला चालतं. श्पारप्राइसचं बंधन रेल्वेच्याच चुकीने सुटतं: तुम्ही मुक्कामी २० मिनिटं किंवा जास्त उशिरा पोचणार असं दिसलं, की दुसरी गाडी घेता येते. विमानाला झालेला उशीर मात्र या सवलतीत बसत नाही. महासागर ओलांडून आल्यावर म्हणूनच फ्लेक्स घ्यावं, आणि पैसे वाचवायचे ते तीन आठवड्यांनंतरच्या फिरण्यात. किंवा काहीच आधी न घेता, बॅगा हातात आल्यावर फोनवर तिकीट काढावं. भाव चढा पडतो, पण गाडी चुकायची धास्ती नाही. बसायची जागा तिकिटात येत नाही, ती वेगळी राखावी लागते. सोबत म्हातारी माणसं असतील तर राखाच.

धाकटा नेहमी म्हणतो, ‘ताई, माझं डॉइचलँड-टिकेट आहे, मी येतो घ्यायला.’ ते महिन्याचं तिकीट या वेगवान गाड्यांना चालत नाही. तो येतो, पण वेगळं तिकीट काढून.

बॅगा, व्हीलचेअर आणि तूप

गाडी विमानतळाच्या स्टेशनात दोन-तीन मिनिटं थांबते. हमाल नाहीत. मुंबईची लोकल पकडलेल्या माणसाला यात नवीन काही नाही, पण लोकलमध्ये कोणी २३ किलोच्या चार बॅगा घेऊन चढत नाही. एकाने आधी वर जायचं, दुसऱ्याने खालून द्यायच्या, आणि हातातली औषधांची पिशवी कोणाच्याही हातात द्यायची नाही. आई-बाबांना मी दोघांत मिळून दोनच मोठ्या बॅगा देते. बाकीचं सामान कोणीतरी थेट मुंबईला जाणारं सापडतं.

आई व्हीलचेअर घेते. चालता येतं तिला, पण लांब गल्ल्या आणि इंग्रजी-जर्मन पाट्या यांनी ती थकते. युरोपात ही मदत विमानाच्या किमान ४८ तास आधी मागायची असते. मात्र विमानतळाचा माणूस बाहेरच्या दालनापर्यंतच सोडतो, गाडीच्या डब्यापर्यंत नाही. रेल्वेची मदतसेवा वेगळी आहे आणि तिला आदल्या दिवसापर्यंत कळवावं लागतं. आम्हाला हे पहिल्या खेपेला ठाऊक नव्हतं, आणि आईला वाटलं की आपल्याला मध्येच सोडून दिलं.

युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी यांना हिरव्या दारातून नेऊ नका. चिवडा, चकली, गोडा मसाला खुशाल न्या.

स्वस्त विमानाचा मोह

गाडीऐवजी पुढे विमान घ्यायचं असेल तर वरचं सगळं लागू, फक्त शिक्षा जास्त. वेगळ्या तिकिटावरच्या स्वस्त विमानासाठी पहिल्या विमानाच्या बॅगा घेऊन बाहेर यावं लागतं, म्हणजे पुन्हा व्हिसा आला. बॅगा द्यायची खिडकी उड्डाणाच्या साधारण ४० मिनिटं आधी बंद होते आणि बंद म्हणजे बंद. शिवाय नावं बघून फसू नका. फ्रँकफर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफर्टपासून १२० किलोमीटरवर आहे, पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे पॅरिसपासून ८० च्या पुढे. हीथ्रोला उतरून गॅटविकहून उडायचं असेल तर मधला लंडनचा वळसा तुमचा. अशा जोडणीत मी पाच-सहा तास ठेवते, किंवा सरळ एक रात्र.

सगळीकडे एवढी कसरत नाही. झुरिक विमानतळाच्या पोटातच स्टेशन आहे आणि शहरातलं मुख्य स्टेशन दहा-बारा मिनिटांवर. ॲमस्टरडॅमला बाहेरच्या दालनातून खाली उतरलं की फलाट. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर टर्मिनल २ मध्ये टीजीव्हीचं स्टेशन आहे, तिथून ब्रसेल्स, लील, लिआँ थेट. पॅरिस शहरातल्या दुसऱ्या एखाद्या स्टेशनावरून गाडी असेल तर मात्र शहर ओलांडायला दीड तास वेगळा धरा.

निघायच्या आठवड्यात

फ्लाइटरडारसारख्या ठिकाणी आपल्या विमानाचा नंबर टाकला की मागच्या आठ-दहा दिवसांत ते खरोखर किती वाजता पोचलं ते दिसतं. रोजच चाळीस मिनिटं उशीर दिसला तर कागदावरचं ७:४५ खोडून ८:२५ लिहा. उन्हाळ्यात नेवार्कला दुपारनंतर वादळी पाऊस आला की संध्याकाळची विमानं तुंबतात, हिवाळ्यात बर्फ. दोन विमानांचा पर्याय असेल तर त्या दिवसातलं शेवटचं घेऊ नये.

तिकिटं कागदावर छापा. फोनची बॅटरी आणि विमानतळाचं वायफाय यांच्या भरवशावर राहू नका, त्यातून ओटीपी पुण्याच्या नंबरवर येणार असेल तर मुळीच नाही. बोर्डिंग पासचे तुकडेही टाकू नका. युरोपीय कंपनीचं विमान ३ तासांहून जास्त उशिरा पोचलं आणि कारण तिच्या हातातलं होतं, तर ३,५०० किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला माणशी ६०० युरोंपर्यंत भरपाई मागता येते. अमेरिकन कंपनीच्या विमानाने युरोपला येताना हा नियम लागू होत नाही. दोन तिकिटं सारख्याच भावात दिसत असतील तर मी म्हणूनच युरोपीय कंपनीकडे झुकते.

उतरल्यावर

विमानातून निघताना स्वच्छतागृह. पासपोर्टच्या रांगेत एकदा उभं राहिलं की मग सोय नाही. बॅगा आल्या, बाहेर आलो, की फोन काढून गाडी किती उशिरा आहे ते आधी बघायचं, मग चालायला लागायचं. पाट्यांवर दोन स्टेशनं दिसतील. ‘रेगिओनालबानहोफ’ जवळच्या गाड्यांचं, फलाट १ ते ३. आपलं ‘फेर्नबानहोफ’, फलाट ४ ते ७. बाबा दर वेळी पहिल्याकडे वळतात.

फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरं टांगलेली असतात आणि डबा कुठल्या अक्षरासमोर येणार ते फोनवर आणि पाटीवर दिसतं. आपल्याकडच्या डब्यांच्या फलकासारखंच. कधीकधी गाडी उलटी येते आणि सगळा फलाट धावतो. म्हणून मधल्या अक्षरापाशी उभं राहायचं.

बसल्यावर चहा घ्या, झोपू नका. रात्रभर जागं शरीर सव्वा तासात गाढ झोपतं, आणि गाडी म्युनिकला जाते हे वर सांगितलंच आहे. आईच्या फोनवर मी पन्नास मिनिटांचा गजर लावून ठेवते, आणि गाडी सुटल्यावर तो चालू करायचा हे चिठ्ठीच्या तळाला लाल शाईने लिहिते. गजर झाला की बॅगा दाराशी आणायच्या आणि धाकट्याला डबा क्रमांक कळवायचा. स्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनाचं बांधकाम २०१० पासून चालू आहे, फलाटापासून बाहेरपर्यंत चांगलीच पायपीट पडते. त्यामुळे ‘मी बाहेर थांबतो’ असं त्याने म्हटलं तरी मान्य करायचं नाही. फलाटावर, डब्याच्या दाराशीच ये म्हणावं.